बजेट गेमिंग पीसी: भाग कोणत्या क्रमाने निवडायचे आणि खोक्यावर काय वाचायचं

पैसे मोजके असले की बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात, कारण संगणकाची ओळख सांगताना तेच नाव आधी तोंडी येतं. गेमिंगसाठी क्रम वेगळा लावा: आधी स्क्रीन, मग ग्राफिक्स कार्ड, मग प्रोसेसर, आणि बाकी सगळं या तिघांना सांभाळून घेणारं. सोबत एक सवयही लावून घ्या. या बाजारात एकाच नावाखाली दोन वेगळ्या ताकदीच्या वस्तू सर्रास विकल्या जातात आणि फरक खोक्याच्या मागच्या बारीक अक्षरांत दडलेला असतो. नावापुढचे दोन-तीन आकडे वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

१. आधी स्क्रीन

१०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. १४४०पीला हाच आकडा ३६.९ लाख होतो आणि ४केला ८२.९ लाख, म्हणजे चौपट. प्रत्येक फ्रेमला एवढे पिक्सेल रंगवायचे असतात, म्हणून मोजक्या पैशांत १०८०पीवरच थांबा. कथेवर चालणारे, निवांत खेळायचे गेम असतील तर ६० हर्ट्झचा जुना मॉनिटरही चालून जातो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे नेमबाजीचे गेम खेळायचे असतील तर १४४ हर्ट्झ किंवा त्याहून जास्तीचा घ्या. ६० हर्ट्झच्या पडद्यावर संगणकाने २०० फ्रेम्स काढल्या तरी डोळ्यांपुढे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतं.

२. पैशांची वाटणी

मॉनिटर, कीबोर्ड, माउस बाजूला ठेवून फक्त डब्यासाठीच्या पैशांचे शंभर भाग करा. त्यातले ४० ते ४५ ग्राफिक्स कार्डाला, १५ ते १८ प्रोसेसरला, १० ते १२ मदरबोर्डाला, रॅम आणि एसएसडी मिळून १५ ते १८, एसएमपीएसला (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) ८ आणि उरलेले कॅबिनेटला. रॅमचे भाव फार वरखाली होतात, त्यामुळे ही वाटणी थोडी हलेल. हलली तर कॅबिनेटमधून आणि मदरबोर्डातून कापा. एसएमपीएसला हात लावू नका, कारण पुढे येईलच.

३. ग्राफिक्स कार्ड

पहिला आकडा व्हीरॅमचा, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा. आजचे मोठे गेम १०८०पीवरही ८ जीबी सहज भरतात, म्हणून ८ हा तळ धरा आणि तेवढ्याच पैशांत १२ किंवा १६ जीबी मिळत असेल तर तिकडे झुका. व्हीरॅम कमी पडली की सरासरी फ्रेम्स चांगल्या दिसतात, पण वळण घेताना गेम अडखळतो, भिंतींवरचं चित्र मळकट राहतं आणि उशिरा स्पष्ट होतं. अशा वेळी टेक्स्चरची सेटिंग एक पायरी खाली आणा. बाकीच्या सेटिंग्ज कमी करून फारसं हाती लागत नाही.

आता नावांचा घोळ. आरटीएक्स ३०६० हे कार्ड १२ जीबी आणि ८ जीबी अशा दोन रूपांत आलं. फरक नुसता ४ जीबीचा नाही: १२ जीबीवाल्याची मेमरी बस (मेमरीपर्यंतच्या वाटेची रुंदी) १९२ बिटची आहे, ८ जीबीवाल्याची १२८ बिटची, म्हणजे मेमरीचा वेग थेट एक-तृतीयांशाने कमी. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही २०२५ ची कार्डं ८ आणि १६ जीबी अशा जोडीने मिळतात आणि दोघांची नावं तंतोतंत सारखी. जुन्यांत ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ असं लिहिलेलं कार्ड म्हणजे खरं ५८० नव्हे. मूळ ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्र रंगवणारे छोटे गणक) असतात, यात नावाप्रमाणे २०४८.

दुसरा आकडा लेनचा. पीसीआयई म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डामधली जोडणी, आणि लेन म्हणजे तिच्यावरच्या वाटा. आरएक्स ६५०० एक्सटीला पीसीआयईच्या चारच लेन आहेत. पीसीआयई ४.० च्या बोर्डावर ते कसंबसं निभावतं. ३.० च्या जुन्या बोर्डावर ती वाट निम्मी होते आणि मेमरी भरली की कार्ड अक्षरशः गुदमरतं. जुन्या संगणकात घालायला स्वस्त कार्ड म्हणून लोक नेमकं हेच उचलतात. त्यापेक्षा आरएक्स ६६०० बघा: ८ जीबी, आठ लेन, १३२ वॉट आणि एकच आठ पिनचा कनेक्टर. १०८०पीसाठी हे २०२१ चं कार्ड अजूनही रास्त आहे. त्याच्या वर आरएक्स ७६०० आणि आरटीएक्स ४०६० येतात. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी देतं, पण ते नव्या प्रोसेसरसोबतच घ्या. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) रीसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू नसेल तर त्याचा वेग वाईट पडतो.

सेकंडहँड कार्ड घ्यायला हरकत नाही, पण चालू संगणकात बघूनच. जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर उघडा. काही बनावट कार्डांच्या नावापुढे ते स्वतःच ‘फेक’ लिहून दाखवतं. मग एखादा जड गेम किंवा फरमार्क हे कार्डावर ताण टाकणारं सॉफ्टवेअर पंधरा-वीस मिनिटं चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्ट्या आल्या, पंख्याचा खरखराट झाला किंवा संगणक मध्येच बंद पडला, तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

४. प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकत्रच

हे दोन वेगवेगळे निवडता येत नाहीत, सॉकेट जुळावं लागतं. सहा कोअर, बारा थ्रेड ही आजची समंजस पातळी. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर रायझन ५ ५६०० किंवा इंटेलच्या एलजीए १७०० वर कोअर आय५-१२४००एफ, दोन्ही चालतील. अगदीच हात आखडता असेल तर चार कोअरचा आय३-१२१००एफ. पुढे प्रोसेसर बदलायचा विचार पक्का असेल तर एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट) आणि डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) कडे वळा, पण त्यापायी ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली येणार असेल तर आज खेळताना तोटाच.

इथेही जुळी नावं आहेत. रायझन ५ ५५०० आणि ५६०० मध्ये शंभराचा फरक दिसतो. प्रत्यक्षात ५५०० ला एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, ५६०० ला ३२, आणि ५५०० पीसीआयई ३.० पर्यंतच जातो. गेममध्ये कॅश दिसून येते. ५६००जी हा ग्राफिक्स आत असलेला, पण त्याचीही कॅश १६ एमबीच. वेगळं कार्ड आज घेणं शक्य नसेल तरच तो घ्या.

इंटेलच्या नावाअखेरचा ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. साध्या ५६०० मध्येही नाही. ‘कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ, तोवर चालवू’ असा बेत असेल तर महिनाभर काळा पडदा बघावा लागेल.

मदरबोर्ड: एएम४ ला बी५५०, इंटेलच्या बाराव्या पिढीला बी६६० किंवा बी७६०. ए५२० आणि बी४५० चालतात, पण दोन्ही पीसीआयई ३.० वर. बी४५० घेतला तर त्यावरचं बायोस जुनं असू शकतं आणि ५६०० लावल्यावर संगणक उठतच नाही. खोक्यावर ‘रायझन ५००० रेडी’ असल्याची खात्री करा, नाहीतर दुकानदाराकडूनच अपडेट करून घ्या. एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि एक्सएमपीने (रॅमचा खोक्यावरचा वेग चालू करणारी बायोसमधली सेटिंग) डीडीआर४ रॅम ३२०० च्या पुढे नेण्याची सोय नसते. ३२०० ची रॅम घेतलीत तर तिथे अडत नाही. एलजीए १७०० चे बोर्ड काही डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. दोन्हींच्या रॅमची खाच वेगळ्या जागी असल्याने चुकीची बसतच नाही. जोर लावू नका.

५. रॅम

१६ जीबी, आणि ती ८ च्या दोन पट्ट्यांत. एकच १६ ची पट्टी लावली तर मेमरी एकाच चॅनलवर चालते आणि प्रोसेसरला दाणापाणी निम्म्या वेगाने पोचतं. डीडीआर४ असेल तर ३२०० सीएल१६ किंवा ३६०० सीएल१८ (सीएल हा रॅमच्या विलंबाचा आकडा). एएम५ ला डीडीआर५ ६०००.

चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा वापरा. पट्टी सरळ धरून दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी दाबायची, खटका ऐकू येईपर्यंत. एक टोक अर्धवट राहणं हे पडदा न येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. यानंतर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, डीओसीपी किंवा एक्स्पो, जे नाव असेल ते चालू करा. ते न केल्यास ३२०० ची रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ वर रेंगाळते आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरीवर क्लिक करून स्पीड तपासा. एएम५ वर एक्स्पो चालू केल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. संगणक मेमरी जुळवून घेत असतो, मध्येच वीज बंद करू नका.

६. एसएसडी

१ टीबी एनव्हीएमई, म्हणजे पीसीआयईवर चालणारी वेगवान एसएसडी. ५०० जीबीत विंडोज आणि तीन-चार मोठे गेम बसले की जागा संपते. २०२३ च्या स्टारफील्डने किमान गरजांतच एसएसडी आणि १२५ जीबी मागितले होते. पीसीआयई ३.० ची साधी ड्राइव्ह सेकंदाला साधारण ३५०० एमबी वाचते. त्यापुढच्या वेगासाठी जादा पैसे नकोत. एकच बघा: काही एम.२ (मदरबोर्डावर थेट बसणाऱ्या) ड्राइव्ह आतून साटा, म्हणजे जुन्या संथ जोडणीच्या असतात, दिसायला सारख्याच, वेग ५५० च्या आसपास.

७. एसएमपीएस

‘५०० वॉट’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं स्वस्त एसएमपीएस उलटं करून बाजूचा तक्ता वाचा. त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही तिथूनच जेवतात. तिथे ४५ अँपिअर असेल तर १२ गुणिले ४५, म्हणजे ५४० वॉट. हे खरं ५५० चं एसएमपीएस. २४ अँपिअर असेल तर २८८ वॉट, मग वर ५०० लिहा नाहीतर ७००. १२ व्होल्टच्या दोन वेगळ्या रेल (वाटा) दाखवल्या असतील तर त्यांची बेरीज करू नका, एकत्रित वॉटचा आकडा बघा.

रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६०० चा हिशोब मांडा: प्रोसेसर ७६ वॉटपर्यंत, कार्ड १३२, बाकी सगळं मिळून ५०. म्हणजे २६० च्या आत. तरीही ५५० वॉटचं घ्या, कारण कार्ड क्षणभरासाठी बरीच जास्त वीज ओढतं, आणि पुढे मोठं कार्ड लावता येतं. हलक्या एसएमपीएसमुळे संगणक नेमका गेम ऐन रंगात आल्यावर बंद पडतो. लोक मात्र दोष ग्राफिक्स कार्डाला देतात.

‘८० प्लस ब्राँझ’ हे कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र आहे. आतले भाग टिकतील का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पाच वर्षांची वॉरंटी आणि ओव्हरकरंट, ओव्हरव्होल्टेज, शॉर्टसर्किट अशी संरक्षणं लिहिलेली आहेत का ते बघा. कार्डाची आठ पिनची वायर एसएमपीएसमधूनच आलेली हवी. मोलेक्सवरून (जुना चार पिनचा कनेक्टर) आठ पिन करणारे अडॅप्टर तापतात, वितळतात. मॉड्युलर (वायरी सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या मॉडेलला लावू नका: पिना बसतात, पण मागचा क्रम वेगळा असू शकतो आणि एसएसडीपासून मदरबोर्डपर्यंत काहीही जळू शकतं.

८. कॅबिनेट

पुढे जाळी हवी. काचेच्या सपाट तोंडाचं कॅबिनेट फोटोत छान दिसतं आणि आतून भट्टी होतं. पुढे दोन पंखे आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये तपासा. पुढचे पंखे ती जागा थोडी खातात.

९. जोडताना आणि पहिल्यांदा चालवताना

कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढा. वेगळा कूलर घेतला तर ही हमखास विसरते. प्रोसेसरसोबत आलेल्या स्टॉक कूलरवर पेस्ट आधीच लावलेली असते, वर अजून लावू नका. एएम४ चा कूलर पुढे कधी काढायचा झाला तर आधी संगणक चालवून गरम करा, मग हलकेच पिळत काढा. सरळ ओढला तर प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो.

पंखे फिरतात पण पडदा काळा असेल तर या क्रमाने बघा: प्रोसेसरची आठ पिनची वायर, जी बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असते; कार्डाची पॉवर वायर; रॅमचे खटके; आणि मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डात आहे की मदरबोर्डात. शेवटची चूक हसण्यासारखी वाटते, पण भलेभले करतात.

फ्रेम्स कमी वाटल्या तर गेमचं रिझोल्यूशन ७२०पीवर आणा. फ्रेम्स वाढल्या तर अडचण कार्डाची. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅमची, आणि आधी एक्सएमपी पुन्हा तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. तिथे बहुधा ६०च निवडलेलं असतं, ते हाताने १४४ करावं लागतं.