वर्डमध्ये हस्ताक्षरी फॉन्ट मराठीला लागत नसेल तर

अमळनेरला कानबाईच्या उत्सवाचं निमंत्रण करत होतो. सेगो स्क्रिप्ट हा हस्ताक्षरी फॉन्ट निवडला की इंग्रजी अक्षरं हाताने लिहिल्यासारखी वळायची, मराठी मात्र तशीच ताठ. फॉन्ट बदलून पाहिला, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, फरक शून्य. जाम वैताग आला. कारण एवढंच, की सेगो स्क्रिप्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत.

शेवटी हे जमलं: गूगल फॉन्ट्सवरून ‘कलम’ हा देवनागरी असलेला हस्ताक्षरी फॉन्ट डाउनलोड करा, झिप उघडून इन्स्टॉल करा. वर्ड बंद करून परत उघडा. मजकूर सिलेक्ट करून कंट्रोल-डी दाबा, फॉन्टची विंडो उघडते. तिथे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’च्या (म्हणजे देवनागरीसारख्या लिपींच्या) चौकटीत कलम निवडा, साइजही तिथलाच बदला. मग अ‍ॅडव्हान्स्डमध्ये स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) नॉर्मल ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. मथळ्याला कलम बोल्ड झकास दिसतो. पत्ता-वेळेला मात्र साधा फॉन्टच बरा, म्हाताऱ्या माणसांना पटकन वाचता येतो.