गायन परीक्षेत शास्त्राचे मार्क कुठे जातात? या चुका टाळा

कोल्हापुरात गाण्याच्या क्लासला जाणारी बरीच मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या चढत जातात. रियाज झालेला असतो, बंदिशी बसलेल्या असतात आणि मार्क जातात ते शास्त्रात, म्हणजे राग-तालांच्या लेखी आणि तोंडी माहितीत. व्याख्या पाठ नसतात असं नाही. वहीतलं शास्त्र आणि गळ्यातलं गाणं यांची एकमेकांशी गाठच पडलेली नसते, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

दोन लिपींची खिचडी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्याकडे स्वरलिपीच्या, म्हणजे गाणं कागदावर लिहिण्याच्या, दोन पद्धती चालतात, भातखंडे आणि पलुस्कर. क्लासमध्ये एक शिकवलेली असते, विकत घेतलेलं गाइड दुसऱ्या पद्धतीचं असतं, आणि पेपरात दोन्ही एकाच ओळीत उतरतात. चिन्हं तीच, अर्थ मात्र उलटे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक आणि खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं). पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं, तर तार सप्तकासाठी डोक्यावर उभी रेघ. आता यमनचा आरोह घ्या: नि रे ग, मग तीव्र म, ध नि सां. पहिला नि मंद्रातला. पलुस्कर पद्धतीने त्याच्या डोक्यावर टिंब दिलं आणि बाकीची ओळ भातखंडे पद्धतीने लिहिली, तर तपासणाऱ्याच्या दृष्टीने तुमचा यमन तार निषादावरून सुरू झाला. तीच उभी रेघ भातखंडे पद्धतीत म वर आली की तो तीव्र म होतो.

तालाच्या खुणांतही हाच घोळ. भातखंडे पद्धतीत समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) × आणि कालाला (टाळी न वाजणाऱ्या मात्रेला) ०. पलुस्कर पद्धतीत समेला १, कालाला +, आणि ० हे अर्ध्या मात्रेचं चिन्ह. घाईत काढलेली फुली थोडी सरळ झाली की + दिसते आणि सम कालावर जाऊन बसते! म्हणून उत्तराच्या वर पद्धतीचं नाव लिहा, फुली तिरकीच काढा आणि शेवटपर्यंत पद्धत बदलू नका.

दुगुन लिहिताना

ठेका (तालाचे ठरलेले बोल) बरोबर, दुगुन (तेच बोल दुप्पट वेगात) चूक, हे सर्रास होतं. कारण एकच: विभागाची दांडी ( | ) बोलांना चिकटवली जाते. दांडी मात्रांची असते. लय बदलली तरी झपतालाचे विभाग २-३-२-३ असेच राहतात. दुगुन अशी:

धीना धीधी | नाती नाधी धीना | धीना धीधी | नाती नाधी धीना

एका मात्रेत दोन बोल, म्हणून पूर्ण ठेका ५ मात्रांत संपतो. एकच आवर्तन दुगुनमध्ये म्हणून समेवर यायचं असेल तर सुरुवात ६ व्या मात्रेपासून. एकतालात ती ७ व्या मात्रेपासून येते.

रूपकात मुलं अडकतात, कारण ७ चे निम्मे साडेतीन. दुगुन चौथ्या मात्रेच्या मधूनच उठते: पहिल्या तीन मात्रा ठायमध्ये (मूळ लयीत), मग

ऽतीं तींना | धीना धीना

असं लिहून सम. हा ऽ (अर्ध्या मात्रेची रिकामी जागा) विसरला की सगळे बोल अर्ध्या मात्रेने पुढे सरकतात आणि शेवटी अर्धी मात्रा उरते. उरलेली दिसली की शेवटी खाडाखोड करत बसू नका, चौथी मात्रा तपासा.

तोंडी परीक्षेत रूपक हातावर दाखवताना आणखी एक गफलत होते. पहिली मात्रा आली की सवयीने टाळी वाजते. रूपकात पहिल्याच मात्रेवर काल आहे, टाळ्या ४ आणि ६ वर.

रागाचं उत्तर आणि त्यामागचं ‘का’

राग भूपाली: थाट (रागाचा मूळ स्वरसाचा) कल्याण, म-नि वर्ज्य, जाती औडव-औडव (आरोहात-अवरोहात पाच-पाच स्वर), वादी (मुख्य स्वर) ग, संवादी (त्याखालोखाल महत्त्वाचा) ध, रात्रीचा पहिला प्रहर. एवढं प्रत्येकजण घडाघडा म्हणतो. मग प्रश्न येतो, “यात मध्यमच नाही, मग थाट कल्याण कशावरून?” आणि शांतता. उत्तर रागाच्या चलनात, म्हणजे त्याचे स्वर कसे फिरतात यात आहे. देशकाराचेही स्वर हेच, पण त्याचा थाट बिलावल, वादी धैवत, वेळ सकाळची आणि जोर उत्तरांगात (सप्तकाच्या वरच्या भागात). दोन्हींचे दोन-दोन आलाप गाऊन दाखवता आले तर परीक्षक पुढचं फार विचारत नाहीत.

जाती ठरवताना आरोह आणि अवरोह वेगळे मोजा. खमाजच्या आरोहात रे नाही, म्हणून षाडव-संपूर्ण (सहा-सात स्वर). भीमपलासच्या आरोहात रे-ध नाहीत, म्हणून औडव-संपूर्ण. खमाजमध्ये दोन निषाद आहेत म्हणून स्वर आठ मोजणारेही भेटतात; शुद्ध आणि कोमल मिळून निषाद एकच धरायचा.

थाट आणि राग यांतला फरक लिहिताना “थाट गातात” असं चुकूनही लिहू नका; गातात तो राग.

वरच्या परीक्षांत श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या २२ सूक्ष्म स्वरस्थानांचा प्रश्न येतो. सा ते नि या सात स्वरांत त्यांची ४-३-२-४-४-३-२ ही वाटणी सगळ्यांना येते. प्राचीन ग्रंथकार शुद्ध स्वर त्याच्या शेवटच्या श्रुतीवर मानत आणि आधुनिक पद्धतीत तो पहिल्या श्रुतीवर धरतात, हे निम्म्या उत्तरांत नसतं. प्राचीन मांडणीत सा ४ थ्या श्रुतीवर, रे ७ व्या. आधुनिक मांडणीत सा पहिल्या आणि रे ५ व्या.

समेचं अक्षर

“बंदिश कितव्या मात्रेपासून?” याला “समेपासून” हे ठोकून दिलेलं उत्तर असतं. तीनतालातल्या कितीतरी मध्यलयीच्या बंदिशी ९ व्या मात्रेवरून, म्हणजे कालापासून उठतात. तयार केलेल्या प्रत्येक बंदिशीत मुखड्याच्या (सुरुवातीच्या ओळीच्या) नेमक्या कुठल्या अक्षरावर सम पडते, त्यावर वहीत पेन्सिलीने गोल करून ठेवा.

चरित्रं

“थोर गायक होते, त्यांनी संगीताची अमूल्य सेवा केली” या ओळीला मार्क नाहीत. जन्मगाव, गुरू, घराणं, काम, सन एवढं हवं. दोन विष्णूंची अदलाबदल नेहमीची: विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी दहा थाटांची पद्धत मांडली, विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पलुस्कर मूळचे आपल्या शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडचे, त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. इथल्या विद्यार्थ्याने तरी हे चुकवू नये. तसंच कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँ जयपूर-अत्रौली घराण्याचे आणि मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ किराणा घराण्याचे. गावं शेजारची असली तरी गायकी निराळी.

पट्टी

स्वतःची पट्टी, म्हणजे आपला सा पेटीच्या कुठल्या सुरावर आहे ते सांगता आलं पाहिजे, काळी चार की पांढरी पाच. मोबाइलवरचा तानपुरा लावून रियाज करणाऱ्यांना तानपुऱ्याच्या तारा विचारल्या की अडखळायला होतं: पहिली मंद्र पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या मध्य षड्जाच्या, चौथी खर्जाची (मंद्र षड्जाची). रागात पंचम वर्ज्य असेल तर पहिली तार मध्यमात किंवा निषादात लावतात. आपल्या अभ्यासक्रमातल्या कुठल्या रागाला ती बदलावी लागते, ते रागाच्या माहितीशेजारीच लिहून ठेवा.