भूशास्त्रात एमएस्सी करायची आहे? प्रवेशापासून प्रबंधापर्यंतची वाट

एमएस्सीच्या प्रवेशाची चौकशी करणारे बहुतेक जण आधी कट-ऑफ विचारतात. भूशास्त्रात तो प्रश्न नंतरचा. आधी दोन गोष्टी बघायच्या: बीएस्सीला भूशास्त्र किती सत्रं होतं, आणि एमएस्सीच्या पदवीवर विषयाचं नाव नेमकं काय छापून येणार आहे.

पहिली पायरी: आपण पात्र आहोत का?

आयआयटीतल्या जिऑलॉजी, ॲप्लाइड जिऑलॉजीसारख्या अभ्यासक्रमांना पदवीला तीन वर्षं किंवा सहा सत्रं भूशास्त्र असावं लागतं. सोबतीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र यांतले विषय लागतात, आणि काही ठिकाणी बारावीला गणितही. बारावीला गणित सोडून दिलेली मुलं इथेच अडकतात, म्हणून अर्जाचे पैसे भरण्याआधी ही अट वाचा. राज्यातली विद्यापीठं थोडी सैल असतात, पण भूशास्त्र मुख्य विषय असलेल्यांना प्राधान्य तिथेही असतं. नव्या शैक्षणिक धोरणात तुमचं भूशास्त्र मेजर नसून मायनर असेल, तर ते चालेल का हे विभागाला ईमेलवर विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. फोनवरचं ‘चालेल की’ प्रवेशाच्या खिडकीवर कामाला येत नाही.

भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पदवी झाली असेल, तर भूभौतिकी म्हणजे जिओफिजिक्सचा रस्ता मोकळा आहे. नुसत्या भूगोलाच्या पदवीवर मात्र भूशास्त्राच्या एमएस्सीला सहसा प्रवेश मिळत नाही.

आता पदवीचं नाव. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक व्हायचं तर केंद्रीय लोकसेवा आयोगाची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा द्यावी लागते. तिच्या जाहिरातीत कोणकोणत्या नावांच्या पदव्या चालतात याची यादीच दिलेली असते: जिऑलॉजी, ॲप्लाइड जिऑलॉजी, मरीन जिऑलॉजी, जिओकेमिस्ट्री, पेट्रोलियम जिओसायन्सेस वगैरे. केंद्रीय भूजल मंडळाच्या जलभूवैज्ञानिक पदासाठी ही यादी याहून आखूड आहे. जिओइन्फर्मॅटिक्स किंवा पर्यावरणशास्त्राची एमएस्सी अभ्यास म्हणून कितीही चांगली असली, तरी या दारातून आत जाता येत नाही. म्हणून जाहिरात प्रवेशाच्या आधीच डोळ्यांखालून घाला, दुसऱ्या वर्षाला पोहोचल्यावर नव्हे.

दुसरी पायरी: प्रवेश परीक्षा

आयआयटीसाठी ‘जॅम’, म्हणजे एमएस्सीची सामायिक प्रवेश परीक्षा. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. ३० प्रश्न एकच उत्तर बरोबर असलेले, १० प्रश्न एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकतील असे आणि २० प्रश्न उत्तराचा आकडा स्वतः भरायचे. गुण फक्त पहिल्या गटात कापले जातात: एक गुणाच्या प्रश्नाला १/३ आणि दोन गुणांच्या प्रश्नाला २/३. त्यामुळे आकडा भरायचे प्रश्न कोरे ठेवू नका. खनिजशास्त्र, शैलशास्त्र, संरचनात्मक भूशास्त्र, जीवाश्मशास्त्र, स्तरविज्ञान सगळं असतं, पण मराठी मुलखातली मुलं चाचपडतात ती संरचनात्मक भूशास्त्राच्या गणितांत. खरी नती (नती म्हणजे थराचा कल), आभासी नती, थराची जाडी ही उदाहरणं रोज एक-दोन सोडवा.

दिल्ली, बनारस यांसारख्या केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर सामायिक प्रवेश परीक्षा लागते. राज्यात पुणे, नागपूर, सोलापूर, नांदेड या विद्यापीठांत हा विषय आहे, मुंबईत सेंट झेवियर्समध्ये आहे, शेजारी गोवा विद्यापीठात आहे. कुठे विभागाची स्वतःची चाचणी, कुठे बीएस्सीच्या गुणांवर यादी. हे वर्षागणिक बदलतं, म्हणून मे-जूनमध्ये संकेतस्थळं रोज उघडून बघायला हवीत.

तिसरी पायरी: विभाग निवडताना नकाशा उघडा

क्रमवारीत विभाग कितवा आहे यापेक्षा त्याच्या आसपास कोणते खडक आहेत, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. पुण्यात शिकाल तर दारातच दख्खनचा बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे लाव्हाचे थर आज जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. ज्वालामुखीचा अभ्यास करायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. पण रूपांतरित किंवा गाळाचे खडक, सागरी जीवाश्म बघायचे तर गाडी पकडावी लागते, बहुधा कच्छची नाहीतर बदामीकडची. नागपूरकर या बाबतीत नशीबवान. रामटेक-मनसरकडे मँगनीज आणि सौसर गटाचे रूपांतरित खडक, उमरेडला गोंडवनाचा कोळसा, पश्चिमेला बेसाल्ट, सगळं एका दिवसात जाऊन येण्यासारखं. गोव्यात लोहखनिज, जांभा आणि किनारा आहे. शिवाय दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र प्रबंधासाठी जवळ पडतात.

सध्या शिकणाऱ्या मुलांना दोन प्रश्न जरूर विचारा: वर्षातून किती दिवस फील्ड, म्हणजे खडकांजवळ जाऊन प्रत्यक्ष काम होतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा खडकाचा पातळ काप विभागातच तयार होतो का?

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. टीसी, मायग्रेशन, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, एबीसी आयडी (श्रेयांक जमा होतात त्या खात्याचा क्रमांक), खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. आरक्षणातून अर्ज असेल तर जात वैधता आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर. शेवटच्या सत्राचा निकाल लांबला तर आयआयटी काही आठवडे थांबते, पण त्यालाही शेवटची तारीख असते.

चौथी पायरी: श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) हिशेब

महाराष्ट्रात नव्या रचनेत दोन वर्षांची एमएस्सी ८० ते ८८ श्रेयांकांची आहे, म्हणजे वर्षाला ४० ते ४४. पहिल्या वर्षानंतर थांबलात तर पदव्युत्तर पदविका मिळते. चार वर्षांची पदवी केलेल्यांसाठी एमएस्सी एका वर्षाची. मुख्य विषयांबरोबर संशोधनपद्धती, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण म्हणजे ओजेटी आणि संशोधन प्रकल्प सक्तीचे आहेत. ओजेटी कुठेतरी सही-शिक्का मिळवून उरकू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, खाणी, बोगद्यांची कामं करणाऱ्या कंपन्या इथे दोन-तीन महिने आधी अर्ज केला तर खरं काम मिळू शकतं.

लेखी परीक्षेत विद्यार्थी तसे कमी अडकतात. अडकतात ते फील्ड बुडवल्यामुळे. लग्न, आजारपण, काहीही कारण असो, चुकलेलं फील्ड भरून काढायला बहुधा पुढच्या तुकडीबरोबर जावं लागतं. जाताना ब्रंटन किंवा क्लायनोमीटर (थराची दिशा आणि कल मोजायचं होकायंत्र), दहा पट भिंग, हातोडी, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली, १:५०,०००चं टोपोशीट (भूरूपं दाखवणारा नकाशा) आणि कडक पुठ्ठ्याची डायरी घ्या. पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज घालून येणारा एक तरी प्रत्येक तुकडीत असतोच. होकायंत्र वाचताना हातोडी आणि मोबाइल बाजूला ठेवा, नाहीतर नतिलंबाची (थराच्या आडव्या रेषेची, स्ट्राइकची) दिशा चुकलेली लिहाल आणि ते कळेल घरी नकाशा काढताना.

पाचवी पायरी: प्रबंध, म्हणजे खरी एमएस्सी

प्रबंधाचं वेळापत्रक विद्यापीठाने काहीही ठरवलेलं असो, आपल्याकडे ते पाऊस ठरवतो. जून ते सप्टेंबर ओढे भरलेले, ऑक्टोबरात डोंगरउतारावर कमरेएवढं गवत, खडक दिसतच नाही. काम करायला खरे महिने डिसेंबर ते मार्च. विषय तिसऱ्या सत्रात ठरवला तर हाती एकच हिवाळा उरतो आणि त्यात एखादी फेरी फुकट गेली की संपलं. म्हणून गाईड आणि विषय पहिल्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत ठरवा आणि त्याच हिवाळ्यात एक पाहणी करून या.

विषय लहान घ्या. अख्ख्या तालुक्यापेक्षा एका घाटातले लाव्हाप्रवाह किंवा एका ओढ्याचं पाणलोट बरं. लोणारसारखी जागा निवडली तर ती अभयारण्य आहे हे लक्षात ठेवून वनविभागाची परवानगी आधी काढा. संरक्षित ठिकाणी हातोडी चालवायची नाही.

नमुने ताजे घ्या. वरची तांबूस, कुजलेली साल फोडून टाका. बेसाल्टमध्ये झिओलाइटने भरलेली भोकं असतील तर तो तुकडा रासायनिक पृथक्करणाला नको, कारण आकडे लाव्हाचे येणार नाहीत, मागाहून भरलेल्या खनिजाचेही त्यात मिसळतील. पातळ काप ०.०३ मिलिमीटरचा लागतो. सूक्ष्मदर्शकाच्या आडव्या ध्रुवकांत (क्रॉस्ड पोलर्समध्ये) क्वार्ट्झ राखाडी-पांढरा दिसण्याऐवजी पिवळसर दिसला तर काप जाड राहिलाय, परत घासायला द्या. एक्सआरएफ किंवा आयसीपी-एमएस या रासायनिक पृथक्करणांसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेत रांग असते, त्यामुळे नमुने जानेवारीतच पाठवले तर एप्रिलमध्ये लिहायला आकडे हातात असतील. तोवर भूवर्णन, नकाशा आणि सूक्ष्मदर्शकाखालची वर्णनं लिहून ठेवता येतात. साहित्यचोरीची तपासणी आणि व्हायवा शेवटी आहेतच. व्हायवात परीक्षक बहुधा नकाशावर बोट ठेवून विचारतात, ‘हा नमुना नेमका कुठून आणला?’ तेव्हा डायरीत अक्षांश-रेखांश असू द्या.

एमएस्सीनंतरच्या परीक्षांचं काम सोबतीनेच चालू ठेवावं लागतं. जिओ-सायंटिस्टचा अर्ज साधारण सप्टेंबरात, पूर्वपरीक्षा फेब्रुवारीत, मुख्य परीक्षा जूनमध्ये; वय २१ ते ३२, राखीव प्रवर्गांना सवलत. एमएस्सीचा निकाल बाकी असतानाही अर्ज करता येतो. पीएचडीकडे वळायचं असेल तर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा पृथ्वीविज्ञानाचा पेपर जून आणि डिसेंबरच्या सत्रांत असतो. गेट या राष्ट्रीय परीक्षेत जिऑलॉजी आणि जिओफिजिक्सचे भाग वेगळे आहेत, अर्ज भरताना योग्य तो निवडा. फील्ड डायरी विभागात जमा करावी लागत असेल, तर त्याआधी तिच्या प्रत्येक पानाची स्कॅन प्रत काढून घ्या; पीएचडीच्या मुलाखतीला ती मागितली जाऊ शकते.