पानगळीत मोटरहोम घेऊन निघताय? या चुका टाळा

उन्हाळ्यात मोटरहोमने, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, दोन-चार सफरी विनाविघ्न पार पडल्या की गाडी तयारच आहे असं वाटायला लागतं. पानगळीत फसगत होते ती इथेच. दिवसा ऊन कोवळं असतं, रस्ते मोकळे असतात, कसलीच अडचण जाणवत नाही. रात्री पारा शून्याकडे झुकला की मात्र एकेक वस्तू रुसून बसते. म्हणून तयारी करताना विचार दुपारचा नको, पहाटे चारचा करा.

उन्हाळ्यातलाच गॅस सिलिंडर घेऊन निघणं

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. सकाळी शेगडी पेटवावी तर ज्योत मिणमिणती, हीटर दोनदा टकटक करून बंद. सिलिंडर हलवून पाहिला तर आत गॅस आहे! मग रेग्युलेटरवर संशय, हीटरवर संशय, दुरुस्तीवाल्याला फोन. आणि दुपारी सगळं आपोआप सुरळीत.

बिघाड कुठेच नसतो. ब्युटेन साधारण उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे त्याखाली सिलिंडरमधून बाहेर येण्याइतकी त्याची वाफ होत नाही. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देतो. मिश्र सिलिंडर असेल तर गंमत आणखी वेगळी: त्यातला प्रोपेन आधी संपत जातो आणि तळाशी जास्त करून ब्युटेन उरतो. त्यामुळे नवा असताना थंडीत चाललेला सिलिंडर अर्धा झाल्यावर दगा देतो. उपाय सरळ आहे, प्रोपेन घ्या. त्याचा दाब जास्त असतो, म्हणून आपला रेग्युलेटर आणि जोडणी त्याला चालते का, हे आधी विक्रेत्याकडून खात्री करून घ्या. गारठलेल्या सिलिंडरला आच देण्याचा उद्योग कोणीही करू नये.

‘पाणी गळतंय’ म्हणून गाडी उघडून बसणं

सकाळी गाडीखाली थारोळं, नळ कोरडे. बऱ्याच मोटरहोममध्ये बॉयलरला (पाणी तापवणाऱ्या टाकीला) गोठण्यापासून वाचवणारा एक व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, असतो. त्याच्याजवळचं तापमान साधारण ३ अंशांवर आलं की तो स्वतःहून उघडतो आणि बॉयलर रिकामा करतो. पंप चालू ठेवून झोपलात तर टाकीतलं पाणीही त्याच वाटेने जातं. जागा पुन्हा उबदार होईपर्यंत तो बंद होत नाही, जोर लावून उपयोग नाही. हा व्हॉल्व्ह बहुधा एखाद्या थंडगार कपाटाच्या कोपऱ्यात असतो. रात्री त्या कपाटाचं दार उघडं ठेवा, हीटर मंद चालू ठेवा, आणि झोपताना पंप बंद करा.

बॅटरी सौर पॅनेलच्या भरवशावर सोडणं

या दिवसांत सूर्य खाली असतो, दिवस लहान, वर पॅनेलवर ओली पानं चिकटलेली. खर्च मात्र वाढलेला: दिवे लवकर लागतात, हीटरचा पंखा रात्रभर फिरतो. लेड-ॲसिड बॅटरी काही वेळ भार न देता मोजली तर पूर्ण भरलेली सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी झाली, त्याखाली नेऊ नका. हीटर सुरू होता होता बंद पडत असेल तर गॅसच्या आधी व्होल्टेज बघा. लिथियम बॅटरीवाल्यांसाठी एकच: शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. तशी राखण करणारी व्यवस्था तुमच्या बॅटरीत आहे ना, हे विचारून घ्या.

गारवा येतो म्हणून व्हेंट (हवेचे झरोके) बुजवणं

ही चूक जिवावर बेतू शकते. व्हेंटमध्ये कापड कोंबलं की दोन गोष्टी होतात. श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ आत कोंडून काचांवर पाणी धरतं, गादीच्या खालच्या बाजूला ओल येते. ते परवडलं. पण जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपेत कळतही नाही. अलार्म बसवा, बटण दाबून तपासा, त्यावरची मुदत वाचा. छताची खिडकी बोटभर उघडी ठेवून एक पांघरूण जास्त घेणं केव्हाही बरं.

टायरची नक्षी बघून समाधान मानणं

मोटरहोम चालते कमी, उभी राहते जास्त. त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. भेगा बघा आणि हवा टायर थंड असतानाच मोजा. जाड पांघरुणं, बूट, जादा सिलिंडर यांनी वजनही गुपचूप वाढतं. १०० लिटर पाणी म्हणजेच १०० किलो. एकदा भरलेली गाडी काट्यावर घालाच.

संध्याकाळी हिरवळ बघून गाडी आत घालणं

उतरताना गवत कोरडं असतं, सकाळी दवाने निसरडं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं वजन मागे असलं की चाकं जागच्या जागी फिरतात आणि माती उकरतात. शक्यतो पक्की जागा घ्या. नसेल तर निघताना उतार पुढे राहील अशी गाडी लावा. रुतलीच, तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. चाकांखाली चटई किंवा फळी सरकवा, माणसं बाजूला करा, आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच काढा.