बोनान्झा क्रीकवर सोनं शोधायला जाताय? आधी ओढा वाचायला शिका

उन्हाळ्यात कॅनडात कुणाकडे तरी आलेली आपली मंडळी हल्ली युकॉनपर्यंत पोचतात, डॉसन सिटीत पॅन (वाळू धुवायची परात) घेतात, तडक बोनान्झा क्रीक या ओढ्यावरच्या फ्री क्लेम नंबर ६ वर जातात (क्लेम म्हणजे सोनं काढायला नावावर नोंदवलेला तुकडा, हा मात्र सगळ्यांना मोकळा), वरवरची वाळू अर्धा तास धुतात, हात बर्फ होतात, पॅनमध्ये काही दिसत नाही आणि मग "सगळं सोनं कधीच संपलं" म्हणत गाडीत बसतात. माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांचं हे दोनदा झालं, तिसऱ्या वेळी मी त्यांना आधी डोंगरावर नेलं, तिथून खाली उतरत ओढा दाखवला आणि पॅन सगळ्यात शेवटी हातात दिला. तोच क्रम इथे लिहितोय, कारण ओढा कसा बनला हे कळलं की खणायचं कुठे हे आपोआप कळतं.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आजी तांदूळ रोळायची आठवतंय? भांडं पाण्यात हलवायचं, तांदूळ पाण्याबरोबर हळूहळू दुसऱ्या भांड्यात जातो आणि खडे तळाला राहतात. बोनान्झा म्हणजे लाखो वर्षं चाललेलं रोळणं आहे. वाळूतलं क्वार्ट्झ पाण्याच्या अडीच-पावणेतीन पट जड, शुद्ध सोनं १९ पट (इथल्या सोन्यात चांदी मिसळलेली असते म्हणून थोडं कमी), त्यामुळे पाण्याने बाकीचं सगळं वाहून नेलं आणि सोनं तळाला बसत गेलं. आपल्याकडचे झारेकरी सोनारांच्या दुकानाबाहेरची माती धुऊन कण काढतात ते हेच, इथे फक्त सोनाराचं दुकान म्हणजे अख्खा डोंगर.

तर आधी किंग सॉलोमन डोमवर जा. डॉसनपासून बोनान्झा क्रीक रोड वर चढत जातो, पुढे कच्चा रस्ता आहे, भाड्याची गाडी असेल तर कच्च्या रस्त्यावर चालते का ते आधी विचारून घ्या, पाऊस झाला असेल तर चिखल बेकार होतो. वर पोचलात की चारी बाजूंना दऱ्या उतरताना दिसतात, बोनान्झा, हंकर, डोमिनियन, सल्फर, क्वार्ट्झ, सगळे सोन्याचे ओढे याच डोंगराच्या आसपासून निघतात. डोंगरांचे माथे गोल, मऊ आहेत, रॉकी पर्वतासारखे टोकदार कडे नाहीत. कारण हिमयुगात इथे हिमनद्या आल्याच नाहीत! आजूबाजूला कॅनडाचा बहुतेक भाग बर्फाखाली खरवडला गेला, तिथलं ओढ्यातलं सोनं असेल तर ते पार विखुरलं, पण क्लोंडाइक, म्हणजे डॉसनभोवतीचा हा सोन्याचा भाग, कोरडा राहिला आणि इथलं सोनं होतं तिथेच साठत राहिलं. मला विचाराल तर क्लोंडाइकच्या श्रीमंतीचं अर्ध कारण हे आहे आणि लोक नेमकं हेच वगळून सरळ गोल्ड रशच्या (१८९६ नंतर इथे सोन्यासाठी उडालेल्या झुंबडीच्या) गोष्टीवर येतात.

डोमवर पायाखालचा दगड हातात घ्या. पापुद्रे पापुद्रे निघतात, अभ्रक चमकतं, हा क्लोंडाइक शिस्ट. यात पांढऱ्या क्वार्ट्झच्या शिरा आहेत आणि सोनं मुळात या शिरांमधलं, ज्युरासिक काळात खोलातून आलेल्या गरम पाण्याने भेगांमध्ये आणून बसवलेलं. एका ठिकाणी भलीमोठी मूळ खाण असेल म्हणून लोकांनी खूप शोधलं, बोनान्झा आणि एल्डोराडोच्या मधल्या डोंगरावर लोन स्टार नावाच्या जागी खोदकामही झालं, पण खालच्या ओढ्यांना शोभेल असं घबाड काही लागलं नाही. शिरा बारीक, विखुरलेल्या, आणि त्यांच्या वरचा कितीतरी खडक झिजून गेलेला, त्या झिजलेल्या भागातलं सोनं म्हणजेच आपला ओढा.

आता खाली उतरताना दरीच्या दोन्ही बाजूंच्या टेकड्यांकडे बघत या. सध्याच्या पाण्यापेक्षा ५० ते १०० मीटर वर पांढुरके, कापलेले उतार दिसतील. हा व्हाइट चॅनल ग्रॅव्हल, प्लायोसीन काळातल्या जुन्या ओढ्याचा गाळ, म्हणजे ५० लाख ते २५ लाख वर्षांपूर्वीचा, क्वार्ट्झचे गोटे भरपूर म्हणून पांढरा. तेव्हा ओढा या उंचीवर वाहत होता आणि संथपणे, फार मोठ्या काळात सोनं तळाशी जमवत होता. नंतर बर्फाची पहिली मोठी चादर आली तेव्हा युकॉन नदीची वाट अडली, नदी आधी दक्षिणेकडे जायची ती वायव्येकडे वळली, ओढे जिथे जाऊन मिळतात ती पातळी खाली गेली आणि बोनान्झाने आपलाच जुना तळ कापत खोल जायला सुरुवात केली. त्यात व्हाइट चॅनलमधलं सोनं परत धुतलं गेलं आणि खालच्या अरुंद दरीत आणखी दाट जमलं. दोनदा रोळलेले तांदूळ म्हणा. एल्डोराडो हा बोनान्झाला मिळणारा छोटासा ओढा जगातल्या सगळ्यात श्रीमंत ओढ्यांपैकी एक ठरला तो याच्यामुळे.

ही भूगर्भाची गोष्ट गोल्ड रशच्या वेळच्या जुन्या खाणवाल्यांना माहीत नव्हती, त्यांचा नियम एकच, सोनं ओढ्याच्या तळाला असतं. ओढ्यावरचे क्लेम संपल्यावर आलेले नवखे (त्यांना इथे चीचाको म्हणायचे) टेकड्यांवर खणायला लागले तेव्हा जुने लोक हसले, आणि मग टेकडीवर सोनं निघालं. चीचाको हिल हे नाव आजही आहे.

उतरत उतरत डिस्कव्हरी क्लेमला या, इथे थांबाच, छोटी पायवाट आहे. तेव्हा या ओढ्याचं नाव रॅबिट क्रीक होतं. ऑगस्ट १८९६ मध्ये इथे चार जण होते, टॅगिश लोकांपैकी कीश (स्कूकम जिम), त्याची बहीण शाव त्ला म्हणजे केट, भाचा डॉसन चार्ली आणि केटचा नवरा जॉर्ज कार्मॅक. पहिला कण कुणी बघितला यावर वाद आहे, टॅगिश लोक कीशचं नाव सांगतात आणि मला तेच पटतं, पण शोधकर्ता म्हणून नोंद झाली कार्मॅकची. रॉबर्ट हेंडरसन नावाचा एक जण शेजारच्याच ओढ्यावर खणत होता, त्यानेच कार्मॅकला या भागाबद्दल सांगितलं होतं, पण तो कीश आणि चार्लीशी अपमानास्पद वागला म्हणून त्याला कुणी निरोप पाठवला नाही असं सांगतात, बिचाऱ्याला कळलं तोवर ओढ्यावरचे क्लेम संपले होते. कार्मॅकने फोर्टीमाइल गावात बंदुकीच्या रिकाम्या काडतुसातून सोनं ओतून दाखवलं. लोकांचा आधी विश्वास नव्हता, पण तिथल्या मुरलेल्या लोकांनी कण बघितले आणि हे आपल्या ओळखीच्या कुठल्याच ओढ्याचं नाही हे लगेच ओळखलं. प्रत्येक ओढ्याच्या सोन्याचा रंग, आकार वेगळा असतो. उगमाजवळचं सोनं खरबरीत, टोकदार, लांब वाहून आलेलं चपटं आणि गुळगुळीत. तुमच्या पॅनमध्ये कण आला की भिंगातून हे नक्की बघा.

क्लेमचे नंबर समजून घ्या म्हणजे नकाशा वाचता येईल. डिस्कव्हरी मधोमध, तिथून उगमाकडे वन अबव्ह, टू अबव्ह, आणि खालच्या दिशेला वन बिलो, टू बिलो. एक क्लेम ओढ्याच्या लांबीने ५०० फूट. घाईत मोजलेले असल्यामुळे गोंधळ होता, सरकारी मोजणीदार विल्यम ओगिल्वीने १८९७ च्या सुरुवातीला नीट मोजणी केली तेव्हा मध्ये मध्ये चिंचोळ्या पट्ट्या उरल्या, त्यातली एक त्याच्याच मोजणीवाल्या डिक लोने घेतली, १०० फुटांपेक्षाही अरुंद, आणि ती अफाट श्रीमंत निघाली. बाहेरच्या जगाला कळलं ते १७ जुलै १८९७ ला इथलं सोनं घेऊन पोर्टलँड जहाज सिएटलला लागलं तेव्हा. लाखभर लोक निघाले, तीस-चाळीस हजार पोचले, आणि पोचेपर्यंत चांगले क्लेम गेलेले.

जमीन इथे कायमची गोठलेली, पर्माफ्रॉस्ट. वर काळा गोठलेला गाळ, त्याला मक म्हणतात, खाली गोटे-वाळू, आणि त्याखाली बेडरॉक म्हणजे तळखडक. सोनं बेडरॉकवर, १५-२० फूट खाली. सुरुवातीचे लोक हिवाळ्यात लाकडं पेटवून जमीन वितळवायचे, वितळलेली माती उपसायची, परत पेटवायची, अशी विहीर तळापर्यंत न्यायची आणि मग बेडरॉकला धरून आडवं खणत जायचं, धुरात, उणे चाळीसमध्ये. काढलेल्या मातीचा ढीग वसंतात पाणी सुटलं की स्लुइस बॉक्समध्ये, म्हणजे सोनं अडवणाऱ्या उतरत्या लाकडी पन्हाळीत, धुवायचा. आठ महिने खणलं त्यात किती सोनं आहे ते तेव्हा नीट कळणार! पुढे वाफेच्या नळ्या आल्या. टेकड्यांवरच्या व्हाइट चॅनलसाठी तर ११० किलोमीटरहून लांब टूम्बस्टोन नदीचं पाणी चर, लाकडी पन्हाळी आणि पाइपातून आणलं, १९०६ ते १९०९ मध्ये बांधलं ते, आणि त्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उतारच्या उतार पाडले. ते पांढरे कापलेले उतार तुम्ही मघाशी बघितलेत ते यातले.

क्लेम १७ बिलोवर ड्रेज नंबर ४ उभा आहे, टूर घ्या, पैसे वसूल. १९१२ मध्ये बांधलेला तरंगता लाकडी कारखाना, आठ मजली इमारतीएवढा, पुढून बादल्यांच्या साखळीने बेडरॉकपर्यंत खोदायचा, पोटात धुवायचा आणि मागून गोटे टाकत स्वतःच्या तळ्यासकट पुढे सरकायचा. १९५९ पर्यंत चालला. दरीभर जे गोट्यांचे वेटोळे ढीग दिसतात ते ड्रेजनी मागे टाकलेले. पण बघा, शेकोटीची विहीर घ्या, पाण्याचा फवारा घ्या की हा राक्षस घ्या, आत काम एकच, रोळणं. या सगळ्या ओढ्यांमधून आजवर साधारण २ कोटी औंस सोनं निघालंय, एक औंस म्हणजे अडीच तोळ्यांहून थोडं जास्त, आणि आजही घरगुती खाणी चालू आहेत. अशाच एका खाणीत २०२२ मध्ये युरेका क्रीकवर गोठलेल्या मकमध्ये मॅमथचं अख्खं पिल्लू सापडलं, कातडी आणि केसांसकट.

ज्यांची ही जमीन ते ट्रोंडेक ह्वेचिन लोक, क्लोंडाइक नदीच्या मुखाशी ट्रोचेक इथे त्यांचा सामन मासे पकडायचा तळ होता. गर्दी आल्यावर चीफ आयझॅकने लोकांना खाली मूसहाइडला हलवलं, आणि आपली गाणी, नाच विसरले जाऊ नयेत म्हणून अलास्कातल्या नातलगांकडे सांभाळायला दिली, ती शंभरेक वर्षांनी परत आली. डॉसनमधल्या त्यांच्या केंद्रात हे सगळं बघायला एक तास ठेवा.

आता पॅन. फ्री क्लेम ६ अबव्हवर कुणीही धुवू शकतं आणि मिळेल ते तुमचं, पण फक्त हातातली अवजारं, मशीन नाही. बाकीचा ओढा रिकामा दिसला तरी लोकांचे क्लेम आहेत, परवानगीशिवाय एक मूठ वाळूसुद्धा उचलू नका. रबरी बूट, जाड रबरी हातमोजे, डासांचं औषध आणि अस्वलाचा स्प्रे हवाच. प्लॅस्टिकचा पॅन घ्या, लोखंडी नवा असेल तर त्यावर तेल असतं आणि तेलाने बारीक सोनं चक्क तरंगतं, म्हणून पॅनमध्ये भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका.

वरची सैल वाळू सोडून द्या. मोठ्या दगडाच्या मागे, वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे पाणी मंदावतं तिथे, आणि शक्य असेल तर बेडरॉक उघडा पडलाय तिथे जा. शिस्टचे पापुद्रे उभे असतात, त्या फटींमध्ये सोनं अडकतं, जुना स्क्रूड्रायव्हर घालून फट खरवडा, आतली चिकणमाती गोळा करा, ब्रश असेल तर झाडून घ्या. पॅन दोन तृतीयांश भरा, पाण्यात बुडवून चिकणमातीची ढेकळं हाताने पूर्ण फोडा (घाईत ढेकूळ फेकलंत तर सोनं त्यातच जातं), मोठे गोटे पॅनमध्येच धुऊन मग टाका. मग पॅन आडवा जोरात हलवा म्हणजे जड खाली जाईल, पुढे थोडा तिरका करा, पाण्याला वरचा थर नेऊ द्या, परत हलवा. तीनचार वेळा धुतलं की एकदा हलवायचंच. शेवटी काळी वाळू राहते, तिला घाबरू नका, ती आली म्हणजे तुम्ही बरोबर धुताय. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवा, बराचसा काळा चुरा उचलला जातो.

चमकतंय ते सोनं आहे का? पॅनवर सावली धरा. अभ्रकाची चमक सावलीत जाते आणि ते पाण्याबरोबर पळतं, सोनं सावलीतही तसंच पिवळं आणि जागचं हलत नाही. सुईने दाबा, सोनं दबतं, पायराइट (सोन्यासारखं दिसणारं खनिज) फुटतं. पारा वगैरे वापरायचं डोक्यातही आणू नका, जुन्या लोकांनी वापरला, आपण नाही. ओलं बोट टेकवून कण उचला, छोट्या बाटलीत पाणी भरून त्यात सोडा, आणि निघताना खड्डा बुजवा, तुमच्या मागे कुणीतरी लहान मूल घेऊन तिथेच येणार आहे.