मेल येतो, पण जात नाही: डोंगल बदलण्याआधी या चुका टाळा

फेब्रुवारीतली दुपार. नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावरचं एक पॅकहाउस. दारात कंटेनर लागलेला, आत द्राक्षाची पॅकिंग चाललेली, आणि ऑफिसातला पोरगा फोनवर मला सांगतोय, "दादा, येणारे मेल सगळे येतायत, पण आपला एकही जाईना. पॅकिंग लिस्ट तासभर झाला आउटबॉक्समध्येच पडलीय."

या तासाभरात त्याने काय काय करून पाहिलं होतं? संगणक तीनदा बंद-चालू केला. डोंगल काढून पुन्हा लावलं. मेलचा पासवर्ड बदलला. आउटलुक या मेल-सॉफ्टवेअरमधलं खातं उडवून नवं टाकलं. शेवटी नवं सिम आणायला एकाला म्हसरूळला पिटाळलं. खरा दोष एका रकान्यात होता. आउटगोइंग सर्व्हरच्या पोर्टपुढे, म्हणजे सर्व्हरच्या कोणत्या दारातून जायचं त्या क्रमांकापुढे, २५ लिहिलेलं होतं, तिथे ५८७ हवं होतं.

आठवड्यापूर्वीपर्यंत हेच सेटिंग बिनबोभाट चालत होतं. मग रस्ता खोदताना फायबर तुटली, दुरुस्तीला कोणी येईना, म्हणून डोंगल आलं. आणि सगळ्यांनी संशय घेतला तो डोंगलवर.

येण्याचा रस्ता वेगळा, जाण्याचा वेगळा

पहिली चूक समजुतीची आहे. ‘मेल येतोय, म्हणजे इंटरनेट ठीक, खातं ठीक, मग जायलाच हवा.’ येणारा मेल आयमॅप किंवा पॉप या पद्धतीने येतो, पोर्ट बहुधा ९९३ किंवा ९९५. जाणारा मेल एसएमटीपी या पद्धतीने जातो. त्याचा सर्व्हर वेगळा असू शकतो, पोर्ट तर वेगळंच असतं, आणि काही वेळा पासवर्डही वेगळा भरलेला असतो. एक चालू नि दुसरं बंद, यात नवल काहीच नाही.

एसएमटीपीचं मूळ प्रमाण १९८२ सालचं. तेव्हा पोर्ट २५ वर कोणीही यावं, मेल टाकावा नि जावं, असा मोकळा कारभार होता. पासवर्डची भानगड नव्हती. पुढे व्हायरस लागलेले घरोघरचे संगणक मालकाच्या नकळत याच दारातून हजारो फालतू मेल सोडायला लागले. मग नेटवर्क कंपन्यांनी सामान्य ग्राहकांसाठी २५ बंद करायला सुरुवात केली, आणि मोबाइल नेटवर्कवर तर ते बंद असणं नेहमीचंच आहे. ग्राहकाने आपला मेल आपल्या सर्व्हरकडे सोपवण्यासाठी ५८७ हे वेगळं पोर्ट १९९८ मध्येच ठरलं. २०१८ पासून शिफारस आहे ती ४६५ ची, ज्यात पहिल्या क्षणापासून सगळं बोलणं कुलूपबंद असतं. २५ आता सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्यापुरतं. तुमच्या सेटिंगमध्ये ते दिसलं, तर दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी भरून ठेवलेलं आहे, असं खुशाल समजा.

पोर्ट बदलताना दोन गोष्टी हमखास राहतात. एक म्हणजे पोर्ट नि कुलपाचा प्रकार यांची जोडी: ४६५ ला एसएसएल, ५८७ ला स्टार्टटीएलएस. उलट लावलीत तर बहुतेक वेळा धड एरर येत नाही, नुसतं चक्र फिरत बसतं. दुसरी म्हणजे आउटगोइंग सर्व्हरलाही लॉगिन लागतं, या अर्थाची टिकमार्क. ती आउटलुकमध्ये अशा कोपऱ्यात आहे की मीही अजून दोनदा शोधतो.

आणि आउटगोइंगला जुन्या वायरवाल्या ब्रॉडबँड कंपनीचाच सर्व्हर लिहिलेला असेल, तर तो अनेकदा स्वतःच्या वायरवरून आलेल्यालाच ओळखतो. मोबाइलवरून गेलात की ‘रिले’ (म्हणजे मेल पुढे पोचवणं) हा शब्द असलेला नकार येतो. त्याच्या विनवण्या करू नका; तुमचं खातं जिथे आहे तिथलाच सर्व्हर भरा.

एररमधला आकडा न वाचणं

मला कोणी विचारलं की सगळ्यात महाग चूक कोणती, तर ही. पोरं एररची खिडकी अशी झटकन बंद करतात, जणू कोणी बघितली तर ओरडा बसेल. मी फोनवर पहिला प्रश्न विचारतो तो एवढाच: पाचने किंवा चारने सुरू होणारा तीन आकडी नंबर दिसतोय का?

नंबर दिसतोय, म्हणजे तुम्ही सर्व्हरच्या दारापर्यंत पोचलात. त्याने दार उघडलं, तुमचं ऐकलं आणि नाही म्हणाला. मग डोंगल, सिम, रेंज, सगळे निर्दोष. नंबर नाही, नुसतं ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ किंवा ‘वेळ संपली’, तर वाटेतच कुठेतरी अडलंय: पोर्ट बंद, सर्व्हरचं नाव चुकलेलं, रेंज नाही, किंवा अँटिव्हायरस मध्ये आडवा आलेला. आउटलुक स्वतःचा एक शून्य-एक्सने सुरू होणारा लांबलचक क्रमांक दाखवतं. तो सर्व्हरचा नव्हे, त्याने फसू नका.

५३५ म्हणजे लॉगिन नाकारलं. ५३० म्हणजे बहुधा लॉगिन किंवा कुलूपबंद जोडणीच सुरू केलेली नाही. ५५२ चा अर्थ सहसा मेल फार जड, किंवा समोरच्याची पेटी भरलेली. ५५० आणि ५५४ ला पुढचं वाक्य वाचल्याशिवाय अर्थ नाही. पत्ता चुकल्यापासून ते रिले नाकारल्यापर्यंत काहीही असू शकतं. चारने सुरू होणारे आकडे म्हणतात, जरा थांबा, नंतर या. तेव्हा खरंच थांबा.

नंबर नसेल तर दोन मिनिटांची परीक्षा. त्याच डोंगलवर ब्राउझरमधून वेबमेल उघडा आणि स्वतःलाच एक मेल पाठवा. गेला, तर खातं शाबूत आहे. ब्राउझर ४४३ या वेगळ्याच पोर्टवरून जातो. मग दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट लावून आउटलुकमधून पाठवा. तिथून जातोय आणि इथून नाही, तर दोष नेटवर्ककडे. दोन्हीकडून नाही, तर सेटिंगकडे. हे केल्याशिवाय कस्टमर केअरला फोन लावलात, तर तुम्हाला डोंगल बंद-चालू करायला सांगतील. ते तुम्ही आधीच केलेलं असतं.

घाईने पासवर्ड बदलणं

५३५ आला नसेल तर पासवर्डला हात लावू नका. पॅकहाउसच्या पोराने बदलला, आणि एका दोषाचे दोन झाले. मालकाच्या मोबाइलमध्ये जुनाच पासवर्ड होता; तो दर काही मिनिटांनी जाऊन आपटत राहिला. पुष्कळ होस्टिंगवाल्यांचे सर्व्हर अशा वेळी चुकीचा पासवर्ड ज्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकावरून) येतो, तो पत्ताच काही काळ बंद करतात. मालक आणि ऑफिस एकाच डोंगलवर, म्हणजे एकाच पत्त्यावर. नवा बरोबर पासवर्ड टाकूनही दार बंदच.

मोबाइल नेटवर्कवर याची आणखी एक गंमत आहे. तिथे एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे कितीतरी ग्राहक असतात. भलत्याच्याच चुकीने तुमचा पत्ता अडू शकतो. डोंगल किंवा फोनचा डेटा बंद-चालू केला की बहुधा दुसरा पत्ता मिळतो, म्हणून त्या जुन्या टोटक्याने कधी कधी खरंच काम होतं. पण आधी जुना पासवर्ड आपटणारा फोन शोधा, नाहीतर नवा पत्ताही तासाभरात जाईल.

जीमेलचं वेगळं. नुसता नेहमीचा पासवर्ड घेणारी जुनी मेल-सॉफ्टवेअर गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केली. आता एकतर गूगलच्या खिडकीतून साइन-इन करायचं, नाहीतर दुहेरी पडताळणी सुरू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढायचा. आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की हे अ‍ॅप पासवर्ड आपोआप रद्द होतात. टॅलीतून बिलं जात होती, काल पासवर्ड बदलला, आज जाईनात? इथेच बघा.

टॅली म्हटलं म्हणून सांगतो, आउटलुक दुरुस्त केलं म्हणजे काम संपलं असं नाही. स्कॅन करून थेट मेल करणारा झेरॉक्सचा प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, बिलिंग सॉफ्टवेअर, प्रत्येकाच्या पोटात स्वतंत्र एसएमटीपी सेटिंग असतं. अंबडच्या कारखान्यांत मला २५ हा आकडा सर्वात जास्त वेळा सापडतो तो प्रिंटरमध्ये.

रेंजच्या दांड्या नि जड फाइल

फोनवर व्हिडिओ झकास चालतो, म्हणून मेलही जाईल असं नाही. व्हिडिओ खाली येतो, मेल वर जातो. टॉवरचा आवाज दणदणीत, तुमच्या डोंगलचा जेमतेम पाव वॅटचा. त्यात ते डोंगल प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल गार करायच्या खोलीच्या, भिंतीला टेकलेल्या टेबलावर! तिथल्या भिंतीच्या पफ पॅनेलला (आत फोम असलेल्या फळीला) दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, एमआयडीसीतल्या शेडला तर वरही पत्रा. यूएसबीची लांब वायर घ्या, डोंगल खिडकीत टांगा. हा माझा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत यशस्वी इलाज आहे.

जडपणाचा हिशेब असा: मेलमध्ये जोडलेली फाइल वाटेसाठी अक्षरांत बदलली जाते आणि साधारण एक-तृतीयांशाने फुगते. २० एमबीचे फोटो २७ एमबीचे होतात, आणि २५ एमबीच्या मर्यादेवर आपटतात. वर जाण्याचा वेग एक एमबीपीएस असेल तर हे २७ एमबी चढायला साडेतीन मिनिटांहून जास्त लागतात. आउटलुकची सर्व्हरची वाट बघण्याची मुदत मुळात एक मिनिट असते. ती सेटिंगमध्ये दहापर्यंत वाढवता येते. पॅलेटचे फोटो पाठवायचे तर लहान करा, किंवा ड्राइव्हवर टाकून लिंक द्या.

मुदत अर्धवट संपण्याचा आणखी एक परिणाम होतो. मेल पूर्ण पोचलेला असतो, पण सर्व्हरची ‘मिळाला’ ही पोच परत येण्याआधी रेंज जाते. आउटलुक समजतं गेला नाही, पुन्हा पाठवतं. पलीकडे तोच मेल तीनदा. त्यातून पहिला जड मेल अडकला की मागचे सगळे संध्याकाळच्या द्वारका चौकासारखे तुंबतात. अशा वेळी आउटलुक ऑफलाइन करा, अडलेला मेल ओढून ड्राफ्ट्समध्ये टाका, मग पुन्हा ऑनलाइन.

संगणकाचं घड्याळही एकदा बघा. सातपूरला एका वर्कशॉपमध्ये मदरबोर्डवरचा सेल संपलेला होता आणि तारीख कित्येक वर्षं मागे. येणारा मेल जुन्या ११० पोर्टवरून, कुलपाविना, म्हणून बिनधास्त येत होता. जाणारा कुलूपबंद, त्याला सर्व्हरच्या ओळखीचं प्रमाणपत्र तपासावं लागतं, आणि त्या तारखेला ते प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नव्हतं. सीआर २०३२ सेल बदलला, काम झालं.

तातडीचा जुगाड म्हणून काही जण कंपनीच्याच पत्त्याने, पण भलत्याच सर्व्हरमधून मेल सोडतात. जातो खरा. पण पलीकडचा सर्व्हर विचारतो, या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या) वतीने बोलायची परवानगी तुला कोणी दिली? फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू याबाबत जास्तच कडक झालेत. मेल स्पॅममध्ये पडतो नाहीतर परत येतो, आणि ग्राहक म्हणतो तुम्ही काही पाठवलंच नाही.

तर त्या दिवशी पॅकहाउसमध्ये पोर्ट ५८७ केलं, मालकाच्या फोनमध्ये नवा पासवर्ड टाकला, डोंगलचा डेटा बंद-चालू केला. मी फोनवर म्हणत होतो की आधी आउटबॉक्स रिकामा कर, तोवर त्याने सेंडचं बटण दाबलंही होतं. तासाभरात त्याने तीच पॅकिंग लिस्ट चार वेळा पाठवायचा प्रयत्न केला होता. चारही एका दमात गेल्या. पाच मिनिटांत मुंबईहून क्लिअरिंग एजंटचा फोन: "यातली खरी कोणती? दोघींत बॉक्सचा आकडा वेगळा आहे."