प्रीसीझनमध्ये रूकी क्वार्टरबॅकचे पास कसे जोखायचे

ऑगस्टमध्ये एनएफएलची (अमेरिकन फुटबॉलची लीग) प्रीसीझन, म्हणजे सीझनआधीच्या सराव मॅचेस, सुरू झाली की दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच चर्चा, अमक्या रूकी (लीगमध्ये पहिल्याच वर्षीच्या) क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूने, १५ पैकी १२ पास पूर्ण केले, झालं, टीमला स्टार मिळाला. या आकड्यांच्या नादी लागू नका. २०२१ मध्ये जेट्स टीमचा झॅक विल्सन प्रीसीझनला २० पैकी १५ पास, १९१ यार्ड, २ टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे), इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेला पास) एकही नाही असा खेळला आणि खऱ्या सीझनला ९ टचडाउन, ११ इंटरसेप्शन. उलट २०२३ मध्ये टेक्सन्सच्या सी. जे. स्ट्राउडने पहिल्या प्रीसीझन मॅचला ४ पैकी २ पास, १३ यार्ड आणि एक इंटरसेप्शन एवढंच केलं, आणि सीझनमध्ये त्याच पोराने ४,१०८ यार्ड काढले, २३ टचडाउन, इंटरसेप्शन फक्त ५, वर ऑफेन्सिव्ह रूकी ऑफ द इयर हा पुरस्कार. म्हणून एकेक पास बघायचा.

आधी बघा तो कुणाबरोबर आणि कुणासमोर खेळतोय. प्रीसीझनला टीममध्ये ९० जण असतात आणि सीझनआधी ५३ उरतात, म्हणजे चौथ्या क्वार्टरला समोर असलेल्यांपैकी बरेच जण सप्टेंबरमध्ये लीगमध्येच नसतात. २०१६ मध्ये काउबॉइजचा डॅक प्रेस्कॉट, ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडताना) चौथ्या राउंडचा पिक, पहिल्या प्रीसीझन मॅचला मुख्य क्वार्टरबॅक टोनी रोमो बाहेर बसल्यामुळे डेझ ब्रायंटसारख्या मेन रिसीव्हर्सबरोबर (पास पकडणाऱ्यांबरोबर) खेळला, त्यामुळे त्या पासेसना वजन होतं. डिफेन्सही या दिवसांत बहुतेक साधाच खेळतो, फसवी ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा खेळाडूंची धाड) वगैरे सीझनसाठी राखून ठेवतात, तेव्हा ‘डिफेन्स छान वाचला’ असं लगेच लिहू नका.

मॅच दोनदा बघा. अमेरिकेत ईस्ट कोस्टला संध्याकाळी ७ ला सुरू होणारी मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारला लागते, तेव्हा लाइव्ह नुसती बघा आणि नंतर रेकॉर्डिंग थांबवत थांबवत वही घेऊन बसा. दर पासला डाउन (१० यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांपैकी) कितवा, किती यार्ड हवे होते, पास कुठे पडला, पूर्ण झाला का, एवढं लिहा, आणि चांगल्या पासला प्लस, वाईटाला मायनस. स्क्रीन पास वेगळे काढा, तिथे बॉल खेळ सुरू होतो त्या लाइनच्या मागेच दिला जातो आणि यार्ड रिसीव्हरच्या पायांचे असतात. आणि थर्ड अँड ८ ला (तिसरा डाउन, ८ यार्ड हवेत) ४ यार्डांचा पास पूर्ण झाला तर टक्केवारी वाढते पण पुढे पंटच (लाथ मारून बॉल समोरच्यांना देणं) करावा लागतो, त्याला प्लस देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बॉल नेमका कुठे आला. पास पूर्ण होणं आणि पास चांगला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक जण इथेच फसतात. स्लँटवर (रिसीव्हर तिरका आत पळतो तेव्हा) बॉल रिसीव्हरच्या छातीपुढे यायला हवा, म्हणजे तो पळता पळता घेऊन तसाच पुढे निघतो, त्याला मागे वळून हात घालावा लागला तर पास पूर्ण असला तरी मायनस. आउट रूटवर (तो बाहेर साइडलाइनकडे वळतो तेव्हा) बॉल साइडलाइनच्या बाजूला हवा, आतल्या बाजूला राहिला की रिसीव्हरला अडवणारा कॉर्नरबॅक मध्ये घुसतो आणि समोर मोकळं मैदान. लांबच्या गो रूटला (रिसीव्हर सरळ पुढे पळतो तेव्हा) बॉल बाहेरच्या खांद्यावरून अलगद उतरला पाहिजे. रिसीव्हरच्या दोन्ही हातांत बसून सुटला असेल तर तो क्वार्टरबॅकचा प्लसच.

मग हेल्मेटकडे बघा, त्याची नजर तिथेच कळते. स्नॅपपासून (बॉल मागे क्वार्टरबॅककडे येतो तो क्षण) थ्रोपर्यंत हेल्मेट एकाच बाजूला चिकटलेलं असेल तर सेफ्टी (सगळ्यात मागचा डिफेंडर) तिकडे आधीच सरकायला लागतो, प्रीसीझनला हे खपून जातं, सीझनला नाही. पहिला रिसीव्हर झाकला गेल्यावर डोकं वळतं का आणि डोक्याबरोबर पायही वळतात का, हे बघा, पाय मागे राहिले की बॉल वर किंवा मागे जातो. रिसीव्हर वळायच्या आधीच बॉल हातातून सुटलेला दिसला तर त्या पोराबद्दल मला खरंच आशा वाटते, हे जोरदार हातापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

वेळ फोनच्या स्टॉपवॉचने मोजा, स्नॅपपासून अडीच सेकंदांच्या आसपास बॉल सुटला तर ठीक, पुन्हा पुन्हा तीनच्या वर जात असेल तर तो शोधत बसलाय आणि मग सॅकचा (बॉल हातात असतानाच त्याला पाडलं जाण्याचा) दोष नुसता त्याला वाचवणाऱ्या पुढच्या लाइनला देता येत नाही.

इंटरसेप्शनचे दोन भाग करा. रिसीव्हरच्या हाताला लागून उडालेला बॉल वेगळा, आणि समोर उभा लाइनबॅकर (मधल्या फळीचा डिफेंडर) दिसलाच नाही म्हणून त्याच्या हातात टाकलेला वेगळा. दुसऱ्या प्रकारावर लाल खूण करा आणि पुढच्या मॅचला तोच रूट, तोच डिफेन्स आला की तो काय करतो ते मुद्दाम बघा.

२०२१ पासून बहुतेक टीम्सना प्रीसीझनच्या तीनच मॅचेस मिळतात. त्या संपल्यावर पहिल्या फळीच्या डिफेन्ससमोरचे पास वेगळे मोजा, ते पंधरा-वीसही भरत नसतील तर निकाल देऊ नका, तीच वही सीझनच्या पहिल्या चार आठवड्यांसाठी चालू ठेवा.